पॉवरपॉईंट: परत परत येणारे प्रश्न, खास करून मराठीत स्लाईड्स बनवणाऱ्यांसाठी

मी बरीच वर्षं शिक्षकांना आणि ऑफिसमधल्या लोकांना पॉवरपॉईंट शिकवते. ट्रेनिंग संपल्यावर मोबाईलवर जे प्रश्न येतात ते फिरून फिरून तेच असतात, म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतेय. उत्तरं विंडोजवरच्या २०१६ आणि त्यापुढच्या पॉवरपॉईंटला धरून आहेत, जुन्या व्हर्जनमध्ये एखादं बटण दुसरीकडे सापडेल. उत्तरांमध्ये एक गोष्ट सारखी येईल, ती आधीच सांगते: आपण बनवलेली फाईल बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच कॉम्प्युटरवर, दुसऱ्याच्याच प्रोजेक्टरवर चालते. मला येणारे निम्मे फोन याच एका कारणाचे असतात.

१. पीपीटी आणि पॉवरपॉईंट एकच ना? आणि ते विकतच घ्यावं लागतं का?

पॉवरपॉईंट हे सॉफ्टवेअर, आणि पीपीटी हे त्याच्या जुन्या फाईलच्या नावाचं शेपूट. २००७ पासून फाईल पीपीटीएक्स झाली पण आपल्या तोंडी पीपीटीच राहिलं, त्यात काही बिघडत नाही. (हे सॉफ्टवेअर १९८७ मध्ये पहिल्यांदा आलं ते मॅकिंटॉशवर, फोरथॉट नावाच्या कंपनीचं, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी घेतली.) विकत न घेता काम करायचं तर मायक्रोसॉफ्टचं फुकट अकाउंट काढून ब्राउझरमध्ये पॉवरपॉईंट वापरता येतं, थोडी फीचर्स कमी मिळतात. शिवाय गूगल स्लाईड्स आहे आणि लिबरऑफिसचं इम्प्रेस आहे. इम्प्रेस पूर्ण फुकट आणि इंटरनेटशिवाय चालतं, त्यामुळे शाळेच्या लॅबला ते चांगलं.

२. सुरुवात डिझाईनपासून करू की मजकुरापासून?

मजकुरापासून, आणि यावर माझं मत ठाम आहे. रंग आणि टेम्प्लेट निवडण्यात दोन तास जातात आणि मग मुद्दे घाईघाईत कोंबले जातात, हे मी दर बॅचला बघते. व्ह्यू मध्ये जाऊन आउटलाईन व्ह्यू उघडा, डाव्या बाजूला सरळ टाईप करत सुटा, एंटर मारलं की नवी स्लाईड, टॅब मारला की तीच ओळ आधीच्या स्लाईडमधला मुद्दा होते, शिफ्ट + टॅब मारला की परत शीर्षक.

मजकूर आधीच वर्डमध्ये असेल तर अजून सोपं. वर्डमध्ये शीर्षकांना हेडिंग १ आणि मुद्द्यांना हेडिंग २ स्टाईल द्या, सेव्ह करून फाईल बंद करा, मग पॉवरपॉईंटमध्ये होम मधल्या न्यू स्लाईड च्या बाणावर क्लिक करून स्लाईड्स फ्रॉम आउटलाईन निवडा. सगळ्या स्लाईड्स तयार होऊन येतात, कॉपी-पेस्ट करत बसायला नको.

३. मराठी टाईप कसं करायचं? आणि तो "ऱ्या" कुठून आणायचा?

वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाईम अँड लँग्वेज मध्ये मराठी भाषा ॲड करा, नंतर विंडोज + स्पेस दाबलं की कीबोर्ड इंग्रजी-मराठी बदलत राहतो. मराठीत दोन कीबोर्ड मिळतात. फोनेटिक म्हणजे इंग्रजी उच्चाराप्रमाणे टाईप करायचं, आणि इनस्क्रिप्ट म्हणजे सरकारी परीक्षेला असतो तो. रोज टायपिंग असेल तर इनस्क्रिप्ट शिका, पंधरा दिवस हात अडखळतो पण नंतर वेग येतो तो फोनेटिकला येत नाही.

आता ऱ्या. "आचार्यांना" म्हणजे गुरुजींना आणि "आचाऱ्यांना" म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" डोंगरातल्या, त्यामुळे हा फरक स्लाईडवर चुकायला नको. मराठीत यासाठी खाली टिंब असलेला वेगळा ऱ आहे, इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट + जे वर असतो. तो ऱ, मग हलन्त, मग य, असं टाईप केलं की ऱ्य बरोबर उमटतं. साध्या र ने केलं तर रफारच होणार.

४. घरी मराठी नीट दिसत होतं, शाळेच्या कॉम्प्युटरवर चौकोन दिसतात किंवा इंग्रजी अक्षरांचा कचरा. काय झालं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. यात दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांचं औषध वेगळं आहे.

इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसत असेल तर तो मजकूर युनिकोडमध्ये (म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत) नाही. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, सुरेख असे जुने फॉन्ट आहेत ना, त्यात आत मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर मुखवटा गळून पडतो. आपली फाईल तशी आहे का हे घरीच तपासता येतं, मजकूर सिलेक्ट करून फॉन्ट एरियल करा, मराठी मराठीच राहिलं तर युनिकोड आहे आणि भलतंच काहीतरी उमटलं तर जुना फॉन्ट आहे. उपाय म्हणजे मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा. कन्व्हर्टर त्याच फॉन्टचा हवा, श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमध्ये टाकला तर अजून बिघडतो. आणि बदलल्यावर एकदा वाचून काढायचंच, रफार आणि जोडाक्षरं हमखास इकडची तिकडे होतात.

चौकोन दिसत असतील तर मजकूर बरोबर आहे, फक्त त्या मशीनवर देवनागरी फॉन्ट सापडत नाहीये. आणि मराठी दिसतंय पण फॉन्ट बदलून ओळी खाली सरकल्यात, तर आपला फॉन्ट तिथे नाही म्हणून त्याने जवळचा दुसरा लावलाय. या दोन्हीसाठी फॉन्ट फाईलमध्येच भरून पाठवायचा. फाईल, ऑप्शन्स, सेव्ह, तिथे अगदी खाली एम्बेड फॉन्ट्स इन द फाईल वर टिक करा. त्याखाली दोन पर्याय येतात, फक्त वापरलेली अक्षरं किंवा सगळी अक्षरं. सगळी निवडा, फाईल थोडी मोठी होईल पण तिकडे कोणाला ऐनवेळी एखादा शब्द दुरुस्त करता येईल. काही फॉन्टच्या लायसन्समध्ये एम्बेड करायची परवानगी नसते, ते जात नाहीत, म्हणून दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय खात्री धरू नका.

माझ्या स्वतःच्या बाबतीत हे घडलंय. एका तालुक्याच्या कार्यशाळेत जुन्या फॉन्टमधल्या स्लाईड्स घेऊन गेले होते, समोर शिक्षक बसलेले आणि पडद्यावर एक शब्द वाचता येईना, शेवटी फळ्यावर लिहून शिकवलं. त्या रात्री घरी येऊन सगळं युनिकोडमध्ये टाईप केलं, तेव्हापासून जुन्या फॉन्टला हात लावलेला नाही.

५. मग मराठीसाठी फॉन्ट कोणता घ्यायचा? साईज किती ठेवायची?

जिथे चालणार ते मशीन माहीत नसेल तर निर्मला यूआय. विंडोज ८ पासून तो विंडोजबरोबरच येतो. मंगल त्याच्याही आधीपासून आहे, पण प्रोजेक्टरवर मला तो जरा दाटीवाटीचा वाटतो. कोकिळा आणि अपराजिता दिसायला सुंदर आहेत पण त्याच आकड्याला अक्षर लहान येतं, म्हणजे निर्मलात २८ पुरत असेल तर यात ३६ च्या पुढे जावं लागतं. फुकट डाउनलोडमध्ये मुंबईच्या एक टाईप या मंडळींचे मुक्ता आणि बालू चांगले आहेत, मुक्ता मजकुराला, बालू शीर्षकाला.

अजून एक बारीक गोष्ट, जी मला महत्त्वाची वाटते. मराठीतला ल आणि श हिंदीतल्या ल आणि श पेक्षा वेगळ्या वळणाचे आहेत, आणि बरेच फॉन्ट हिंदी वळणाचेच दाखवतात. पहिली-दुसरीच्या मुलांना अक्षर शिकवायच्या स्लाईड्स करत असाल तर हे बघून घ्या, कारण पुस्तकात एक आणि पडद्यावर दुसरं दिसलं की मुलं गोंधळतात. तिरो देवनागरी मराठी नावाचा फॉन्ट मराठी वळण धरूनच बनवलेला आहे, तोही फुकट मिळतो.

साईज: मजकूर २८, अगदीच जागा नसेल तर २४, शीर्षक ४० च्या आसपास. त्याहून कमी करावं लागत असेल तर स्लाईडचे दोन भाग करा. शेवटच्या बाकावर बसून बघा एकदा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

६. उकार कापले जातात, मात्रा वरच्या ओळीत घुसतात.

ओळींमधलं अंतर एक्झॅक्टली वर ठेवलेलं असतं, बरेच विकतचे टेम्प्लेट इंग्रजी धरून बनवलेले असतात म्हणून. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार-ऋकार, दोन्हीकडे जागा लागते. होम मधल्या लाईन स्पेसिंग ऑप्शन्स मध्ये जाऊन मल्टिपल करा आणि १.१ किंवा १.२ द्या. एकेका स्लाईडवर करत बसू नका, मास्टरमध्ये करा (प्रश्न ७).

७. प्रत्येक स्लाईडवर शाळेचा लोगो टाकायचाय, चाळीस वेळा पेस्ट करू का?

नको! यासाठीच स्लाईड मास्टर आहे आणि माझ्या मते पॉवरपॉईंटमधली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, पण लोक तिकडे फिरकतच नाहीत. व्ह्यू मध्ये स्लाईड मास्टर उघडा. डाव्या बाजूला सगळ्यात वर एक मोठी स्लाईड दिसेल आणि तिच्याखाली लहान लहान, त्या लेआउट्स. मोठीवर जे कराल ते सगळीकडे लागू होतं, लहानवर कराल ते फक्त त्या लेआउटच्या स्लाईड्सना. लोगो मोठीवर ठेवा, फॉन्ट, रंग, ओळींचं अंतर तिथेच ठरवा, क्लोज मास्टर व्ह्यू दाबा, झालं. लोगो आता माऊस लागून हलतही नाही, डिलीटही होत नाही. पहिल्या स्लाईडवर लोगो नको असेल तर मास्टरमध्ये टायटल लेआउट निवडून हाईड बॅकग्राऊंड ग्राफिक्स वर टिक करा.

यावर पुढचा प्रश्न लगेच येतो की "मास्टरमध्ये फॉन्ट बदलला पण काही स्लाईड्स बदलल्याच नाहीत". त्याची दोन कारणं असतात. एक, त्या स्लाईडवर तुम्ही स्वतः टेक्स्ट बॉक्स काढून लिहिलंय, "क्लिक टू ॲड टेक्स्ट" लिहिलेल्या चौकटीत नाही, आणि मास्टरची हुकमत त्या तयार चौकटींवरच नीट चालते. दोन, चौकटीत लिहिलंय पण नंतर हाताने फॉन्ट बदललाय, अशा वेळी स्लाईड निवडून होम मधलं रिसेट दाबा, मास्टरप्रमाणे होईल. म्हणून सांगते, टेक्स्ट बॉक्स कमीत कमी वापरा, चौकटींत लिहा. आउटलाईन व्ह्यूमध्ये (प्रश्न २) सुद्धा चौकटीतलाच मजकूर दिसतो.

८. पडद्यावर वर-खाली काळे पट्टे येतात.

स्लाईडचा आकार आणि प्रोजेक्टरचा आकार जुळत नाहीये. २०१३ पासून नवी फाईल १६:९ ची, म्हणजे १३.३३ बाय ७.५ इंचाची उघडते. जुन्या १०२४ बाय ७६८ च्या प्रोजेक्टरचा आकार ४:३ असतो, तिथे वर-खाली पट्टे येणारच. हॉलवाल्यांना आधी फोन करून विचारा आणि डिझाईन मधल्या स्लाईड साईज मध्ये काम सुरू करायच्या आधीच ठरवा. नंतर बदललंत तर तो मॅक्सिमाईझ की एन्शुअर फिट असं विचारेल, एन्शुअर फिट घ्या म्हणजे कडेचं काही कापलं जाणार नाही, तरी प्रत्येक स्लाईड नजरेखालून घालावी लागेल. पट्टे आले म्हणून आभाळ कोसळत नाही हेही सांगते, वाचता येतंय ना मग चालतंय.

९. फोटो टाकले आणि फाईल दीडशे एमबी झाली, मेलवर जाईना.

मोबाईलचा एकेक फोटो पाच-सात एमबीचा असतो आणि स्लाईडवर लहान केला तरी आत पूर्णच राहतो. कोणताही फोटो निवडा, पिक्चर फॉरमॅट मध्ये कॉम्प्रेस पिक्चर्स, "फक्त याच फोटोला" ची टिक काढा, कापलेले भाग डिलीट करा ची टिक ठेवा, आणि १५० पीपीआय निवडा. प्रोजेक्टरला तेवढं पुरतं. जीमेलला अटॅचमेंट २५ एमबीपर्यंतच जाते, त्यात बसेल बहुतेक.

कापलेल्या भागाबद्दल जरा थांबून वाचा. क्रॉप केलं म्हणजे फोटोचा तो भाग गेला असं नाही, तो आत तसाच असतो आणि फाईल ज्याच्याकडे जाईल तो क्रॉप उलटं करून पूर्ण फोटो बघू शकतो. आधार कार्डाचा फोटो कापून टाकला असेल, मुलांचे चेहरे कापले असतील, तर ही टिक देऊनच फाईल पाठवा.

फाईल कशामुळे फुगलीय ते कळत नसेल तर एक युक्ती. फाईलची एक कॉपी करा, कॉपीच्या नावाच्या शेवटचं पीपीटीएक्स काढून झिप लिहा आणि उघडा, आत पीपीटी नावाचं फोल्डर आणि त्यात मीडिया. तिथे सगळे फोटो-व्हिडिओ साईजसकट दिसतात. कोणाच्या जुन्या फाईलमधून मूळ फोटो काढून घ्यायलाही हे उपयोगी पडतं.

१०. व्हिडिओ माझ्याकडे चालतो, हॉलमध्ये काळा चौकोन. किंवा चित्र येतं आणि आवाज नाही.

आधी बघा व्हिडिओ खरंच फाईलच्या आत आहे का. इन्सर्ट, व्हिडिओ, धिस डिव्हाईस असं टाकला तर आत जातो, पण टाकताना इन्सर्टच्या बाणावरून लिंक टू फाईल निवडलं गेलं असेल तर आत फक्त पत्ता असतो आणि व्हिडिओ तुमच्या लॅपटॉपवरच राहतो. यूट्यूबचा ऑनलाईन व्हिडिओ टाकला असेल तर हॉलमध्ये इंटरनेट हवंच, आणि गावातल्या हॉलच्या नेटवर मी कधी विसंबत नाही.

आत असूनही काळा दिसत असेल तर फॉरमॅटची अडचण आहे. नवे मोबाईल बरेचदा एचईव्हीसी नावाच्या प्रकारात रेकॉर्ड करतात आणि सगळ्या विंडोज मशीनला तो वाचता येत नाही. एच.२६४ वाला एमपी४ करून घ्या, कोणत्याही चांगल्या कन्व्हर्टरमध्ये होतं, तो जवळजवळ सगळीकडे चालतो.

आवाजाचं कारण बहुतेक वेळा एचडीएमआय केबल असते. केबल लावली की लॅपटॉप आवाज प्रोजेक्टरकडे पाठवतो आणि प्रोजेक्टरला स्पीकरच नसतो किंवा बंद असतो. खाली उजवीकडे स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आउटपुट परत लॅपटॉपवर घ्या आणि साउंड सिस्टिमची पिन लॅपटॉपला लावा.

११. ॲनिमेशन आणि ट्रान्झिशनमध्ये फरक काय? किती वापरावं?

एका स्लाईडवरून दुसरीवर जाताना होतं ते ट्रान्झिशन, स्लाईडच्या आतल्या वस्तू येतात-जातात ते ॲनिमेशन. ॲनिमेशनला सुरुवात कधी ते तीन प्रकारे सांगता येतं: ऑन क्लिक म्हणजे तुम्ही दाबल्यावर, विथ प्रीव्हियस म्हणजे आधीच्याबरोबर, आफ्टर प्रीव्हियस म्हणजे आधीचं संपल्यावर. ॲनिमेशन पेन उघडून ठेवा, तिथे सगळा क्रम दिसतो आणि ओढून वर-खाली करता येतो. एका वस्तूचं ॲनिमेशन दुसरीला हवं असेल तर ॲनिमेशन पेंटर आहे.

किती वापरावं याचं माझं उत्तर असं की मुलांना किंवा श्रोत्यांना पुढची पायरी आधी दिसायला नको असेल तिथे वापरा. भूमितीची सिद्धता, हिशोबाच्या ओळी, प्रश्न आणि मग उत्तर. तिथेसुद्धा साधं अपिअर पुरतं. भिरभिरत येणारी अक्षरं वाचणाऱ्याला थांबवून ठेवतात. मराठी मजकुराला अक्षराअक्षराने येणारं ॲनिमेशन मी कधी देत नाही, शब्दाशब्दाने किंवा पूर्ण ओळ एकदम आली की वाचायला बरं पडतं.

१२. मॉर्फ म्हणजे काय? माझ्याकडे दिसत नाही.

मॉर्फ हे ट्रान्झिशन २०१९ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ (वर्गणी भरून वापरायचं ऑफिस) मध्ये आहे, २०१६ च्या साध्या कॉपीत नाही. स्लाईड डुप्लिकेट करा, दुसरीवर वस्तू हलवा, मोठी करा, फिरवा, आणि दुसरीला मॉर्फ द्या, मधली हालचाल पॉवरपॉईंट स्वतः करतो. नकाशावर शिवनेरीहून रायगडाकडे सरकत जाणारा ठिपका किंवा चंद्राच्या कला, असल्या गोष्टी दोन मिनिटांत होतात.

कधी कधी हलण्याऐवजी एक वस्तू विरघळून दुसरी उमटते. म्हणजे दोन्ही एकच आहेत हे त्याला ओळखता आलेलं नाही. ऑल्ट + एफ१० ने सिलेक्शन पेन उघडा आणि दोन्ही स्लाईड्सवर त्या वस्तूला एकच नाव द्या, नावाच्या सुरुवातीला दोन उद्गारचिन्हं टाका, जसं !!ठिपका. मग जोडी बरोबर लागते, अगदी गोलाचा चौकोन सुद्धा होतो. जुन्या व्हर्जनवर फाईल उघडली तर मॉर्फच्या जागी साधं फेड दिसतं, अर्थ जात नाही.

१३. क्विझ बनवलीय, पण मुलं कुठेही क्लिक करतात आणि उत्तर न देताच पुढची स्लाईड येते.

हा प्रश्न शिक्षकांचा हमखास असतो. आधी रचना: प्रश्नाची स्लाईड, एक "शाब्बास" ची आणि एक "परत प्रयत्न कर" ची. प्रत्येक पर्याय निवडून इन्सर्ट, लिंक, प्लेस इन धिस डॉक्युमेंट, आणि योग्य ती स्लाईड. लिंक अक्षरांना न देता पूर्ण चौकटीला द्या, म्हणजे अक्षरं निळी अधोरेखित होत नाहीत आणि लहान मुलाला नेम धरावा लागत नाही.

आता कुठेही क्लिक केलं की पुढे जाणं थांबवायचंय. ट्रान्झिशन्स मध्ये उजवीकडे ऑन माऊस क्लिक वरची टिक काढा आणि अप्लाय टू ऑल. पण यानंतरही कीबोर्डच्या बाणाने आणि स्पेसबारने स्लाईड पुढे जाते. तेही बंद करायचं असेल तर स्लाईड शो, सेट अप स्लाईड शो, ब्राउझ्ड ॲट अ किऑस्क. आता फक्त तुम्ही दिलेल्या लिंक चालतील आणि बाहेर पडायला एस्केप. किऑस्क लावल्यावर प्रत्येक स्लाईडवर पुढे जायचं बटण आहे ना ते तपासा, एकावर राहून गेलं की मूल तिथेच अडकतं.

स्लाईड न बदलता त्याच स्लाईडवर "बरोबर!" दाखवायचं असेल तर ट्रिगर वापरा. "बरोबर!" ला अपिअर द्या, मग ॲनिमेशन्स, ट्रिगर, ऑन क्लिक ऑफ, आणि यादीतून पर्यायाची चौकट. यादीत सगळी नावं रेक्टँगल ७, रेक्टँगल ९ अशी दिसतात म्हणून आधीच सिलेक्शन पेनमध्ये (प्रश्न १२) नावं देऊन ठेवा.

१४. बाबांच्या रिटायरमेंटला फोटोंचा शो करायचाय, गाणं शेवटपर्यंत वाजायला हवं.

गाणं पहिल्या स्लाईडवर टाका, निवडा, प्लेबॅक मध्ये प्ले इन बॅकग्राऊंड दाबा. ते आपोआप सुरू होतं, सगळ्या स्लाईड्सवर चालू राहतं आणि चिन्हही लपतं. स्लाईड्स आपोआप बदलायला ट्रान्झिशन्स मध्ये आफ्टर वर टिक करून सेकंद द्या. सगळ्यांना सारखे सेकंद देऊ नका, आजी-आजोबांचा जुना ब्लॅक अँड व्हाईट फोटो सात-आठ सेकंद राहू दे, लोकांना तो बघायचा असतो. रिहर्स टायमिंग्ज घेऊन एकदा स्वतः बघत बघत पुढे नेलंत तर वेळ आपोआप नोंदली जाते, ही पद्धत मला जास्त आवडते.

मधूनच दुसरं गाणं हवं असेल तर पहिल्याला थांबवावं लागतं, ॲनिमेशन पेनमध्ये त्याच्यावर राईट क्लिक, इफेक्ट ऑप्शन्स, स्टॉप प्लेइंग आफ्टर इतक्या स्लाईड्स. दुसरं गाणं त्यापुढच्या स्लाईडवर टाका.

आणि हॉलमध्ये पीपीटी नेऊच नका, व्हिडिओ करून न्या: फाईल, एक्सपोर्ट, क्रिएट अ व्हिडिओ, १०८०पी. वेळ लागतो, लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवा. एमपी४ कुठेही चालतो, टीव्हीला पेनड्राईव्ह लावून सुद्धा. फक्त लिंक आणि ट्रिगर व्हिडिओत चालत नाहीत, त्यामुळे क्विझला (प्रश्न १३) हा मार्ग नाही.

१५. नोट्स फक्त मला दिसाव्यात, लोकांना नाही.

त्याला प्रेझेंटर व्ह्यू म्हणतात. प्रोजेक्टर जोडल्यावर विंडोज + पी दाबून एक्स्टेंड निवडा. डुप्लिकेट असेल तर दोन्हीकडे एकच दिसणार, बहुतेकांचं इथेच अडतं. मग एफ५. लॅपटॉपवर चालू स्लाईड, पुढची स्लाईड, नोट्स आणि घड्याळ दिसतं. उलटं झालं, म्हणजे नोट्स पडद्यावर आल्या, तर वर डिस्प्ले सेटिंग्ज मध्ये स्वॅप आहे. घरी प्रोजेक्टर नसताना सराव करायला ऑल्ट + एफ५.

१६. शो चालू असताना कोणत्या कीज माहीत हव्यात?

एफ५ पहिल्यापासून, शिफ्ट + एफ५ चालू स्लाईडपासून (काही लॅपटॉपवर बरोबर एफएन दाबावं लागतं). इंग्रजी बी दाबलं की पडदा काळा, परत दाबलं की परत, कोणी प्रश्न विचारला आणि सगळ्यांनी तुमच्याकडे बघायला हवं असेल तेव्हा फार उपयोगी. स्लाईडचा नंबर आणि एंटर दाबलं की थेट त्या स्लाईडवर, वायव्हाला "ती टेबलवाली स्लाईड दाखवा" म्हटलं की वीस वेळा मागे जात बसायला नको. म्हणून नंबरांची यादी कागदावर जवळ ठेवा. कंट्रोल + पी ने पेन, ई ने लिहिलेलं पुसलं जातं.

१७. पीडीएफ केली तर चित्रं एकावर एक चढलेली दिसतात.

कारण पीडीएफमध्ये ॲनिमेशन नसतं. क्लिकवर एक जाऊन दुसरं येणार होतं ते सगळं एकदम छापलं जातं. पीडीएफ द्यायची हे आधी माहीत असेल तर अशा वस्तू वेगवेगळ्या स्लाईड्सवर ठेवा. वाटायला प्रिंट काढणार असाल तर प्रिंट मध्ये हँडआउट्स, ३ स्लाईड्स घ्या, बाजूला लिहायला रेघा येतात. शाईसाठी ग्रेस्केल.

१८. सेव्ह न करता बंद झालं, गेलं का सगळं?

बहुतेक नाही. फाईल, इन्फो, मॅनेज प्रेझेंटेशन, रिकव्हर अनसेव्ह्ड. पॉवरपॉईंट दर १० मिनिटांनी एक कॉपी ठेवतो, ऑप्शन्सच्या सेव्ह मध्ये ते ३ करा, लाईट जाणाऱ्या गावात तर नक्कीच. तिथेच ॲडव्हान्स्ड मध्ये अनडू (केलेलं मागे घेणं) २० वेळांचं असतं, ते १५० पर्यंत वाढवता येतं. आणि पेनड्राईव्हवरून थेट उघडून काम करू नका, आधी डेस्कटॉपवर कॉपी करा. सेव्ह होत असताना पेनड्राईव्ह ओढला गेला की फाईल मोडते आणि तिथे मग रिकव्हरीचाही भरवसा नाही.

१९. पीपीएसएक्स करून दिली की कोणी बदलू शकत नाही ना?

बदलू शकतं. पीपीएसएक्स वर डबल क्लिक केलं की थेट शो सुरू होतो एवढंच, पॉवरपॉईंटच्या आतून ओपन केली की एडिट होते. मार्क ॲज फायनल सुद्धा नुसती सूचना आहे. खरंच बंद करायचं तर इन्फो मधून पासवर्ड द्या (विसरलात तर तुम्हालाही उघडणार नाही), नाहीतर पीडीएफ किंवा व्हिडिओ द्या. मी स्वतः शैक्षणिक स्लाईड्सना काही लावत नाही, दुसऱ्या शिक्षकाने घेऊन आपल्या वर्गाप्रमाणे बदलल्या तर चांगलंच आहे.

२०. गूगल स्लाईड्समध्ये उघडली तर सगळं तसंच राहील?

मजकूर आणि फोटो राहतात. ट्रिगर चालत नाहीत, मॉर्फची हालचाल जाते, आणि तिकडे नसलेला फॉन्ट बदलतो. मुक्ता आणि बालू गूगलकडे आहेत, त्यामुळे दोन्हीकडे वापरायची असेल तर तेच घ्या.

२१. ऐनवेळी लाईट गेली किंवा प्रोजेक्टर चाललाच नाही तर?

हेही खूप जण विचारतात, आणि महाराष्ट्रात उन्हाळ्यात कार्यक्रम असेल तर विचारायलाच हवं. मी तीन गोष्टी नेते: फाईल पेनड्राईव्हवर आणि मेलवर, तिचीच पीडीएफ मोबाईलमध्ये, आणि हँडआउटची एक प्रिंट (प्रश्न १७). प्रोजेक्टरला जुनी व्हीजीए केबल असेल आणि लॅपटॉपला फक्त एचडीएमआय, तर मधला कन्व्हर्टर लागतो, तो पिशवीत कायम असू दे, हॉलवाल्यांकडे नसतो. आणि खडूचे दोन तुकडे.